पिंपरीचे हॅमायसिन आणि बुरशीचे नवे मर्मस्थान

पेनिसिलिन जीवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ती पेनिसिलिन देशातच तयार व्हावे म्हणून. तेथील संशोधकांनी पुढे बुरशीजन्य रोगांकडेही लक्ष वळवले. कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार हे त्यांतील अग्रणी. तत्पूर्वी म्हैसूर विद्यापीठाच्या बंगळूर येथील सेंट्रल कॉलेजात त्यांनी वनस्पतींवरील तांबेऱ्याचा अभ्यास केला होता.

१९६०च्या दशकाच्या आरंभी या गटाने ‘हॅमायसिन’ जगापुढे आणले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याच्या ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’ या नावात गाव आहे, तर औषधाच्या नावात कंपनीची आद्याक्षरे. अमेरिकेतही ब्लास्टोमायकोसिसच्या रुग्णांवर त्याची चाचणी झाली. मात्र त्याचा मुख्य वापर बाह्योपचारापुरताच राहिला.

यामागील अडचण मूलभूत आहे. बुरशीची पेशी रचनेने मानवी पेशीच्या जवळची. त्यामुळे बुरशीला मारणारे औषध रुग्णालाही बाधू शकते. हॅमायसिन आणि अँफोटेरिसिन बी बुरशीच्या पेशीपटलातील अर्गोस्टेरॉलला जखडतात. परंतु मानवी कोलेस्टेरॉल त्याचेच भावंड. अँफोटेरिसिनमुळे मूत्रपिंडाला इजा होते ती या साधर्म्यामुळेही. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसची साथ पसरली, तेव्हा महाराष्ट्रातील रुग्णांचे नातेवाईक याच जुन्या औषधासाठी वणवण फिरत होते.

म्हणूनच संशोधक आता प्रथिनांच्या रूपांतरणाकडे वळले आहेत. प्रथिन तयार झाल्यावर पेशी त्याला साखर, मेद, फॉस्फेट यांची जोड देते. त्यानंतरच ते योग्य जागी पोहोचून काम करू लागते. बुरशीची अनेक प्रथिने एका शर्करा-मेदयुक्त नांगराने पेशीपटलाला व भित्तिकेला जोडलेली असतात. तो नांगर घडवणाऱ्या ‘जीडब्ल्यूटी-१’ या विकराला फॉसमॅनोजेपिक्स हे औषध रोखते. मानवातील समांतर विकराला ते फारसे बाधत नाही. बुरशी मात्र ऊतींना चिकटण्याचे सामर्थ्य गमावते आणि तिची वाढ खुंटते. हे औषध मानवी चाचण्यांच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचले आहे. अर्थात ते सर्वच बुरशींवर सारखे चालत नाही. ‘कँडिडा क्रुसेई’ त्याला दाद देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची प्राधान्यसूची प्रथमच प्रसिद्ध केली. पिंपरीत सहा दशकांपूर्वी पुढे आलेला प्रश्न तोच आहे: शत्रू मरावा, रुग्ण वाचावा.