अजिंक्य कोण?

हेवीवेट मुष्टियुद्धात रॉकी मार्सियानो ४९ लढती जिंकून १९५६ साली अपराजित निवृत्त झाला. म्हणून त्याला जो लुईच्या वर बसविणारे पुष्कळ. आम्हांस ते मान्य नाही. लुईने १९३७ ते १९४९ जगज्जेतेपद सांभाळले, २५ वेळा आव्हान परतविले. १९४२ साली दोन लढतींची कमाई त्याने आरमार व लष्कर यांच्या साहाय्यनिधींस दिली. अमेरिकन प्राप्तिकर खात्याने तीही त्याचेच उत्पन्न धरली. (आम्हां कारकुनांस यात नवल ते काय!) पुढे करांच्या थकबाकीपायी निवृत्ती मोडून तो पुन्हा रिंगणात उतरला आणि १९५१ च्या ऑक्टोबरात सदतिशी गाठलेल्या लुईला मार्सियानोने आठव्या फेरीत लोळविले. ४९ मोजताना आम्ही त्या एका विजयापाशी अडखळतो.