शब्दसाम्य आणि व्युत्पत्ती (युरोपीय भाषा)

एका कुळातल्या दोन भाषांत रूपाने व अर्थाने सारखे शब्द दिसले की ते एकाच मुळाचे मानण्याकडे कल असतो. मात्र निव्वळ साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ या दोहोंचा अर्थ ‘जवळ असणे’. रूपेही जवळजवळ जुळी. तरी त्यांचा परस्परांशी संबंध नाही. जर्मानिक शब्दांच्या आरंभीचा ‘ह’ मूळ ‘क’पासून येतो, लॅटिन ‘कोर्नू’ (शिंग) आणि इंग्रजी ‘हॉर्न’, लॅटिन ‘केन्तुम्’ (शंभर) आणि इंग्रजी ‘हंड्रेड’ ही त्याची उदाहरणे. म्हणून ‘हाबेन’चा लॅटिनमधला सगोत्र शब्द ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. ‘हाबेरे’चे नाते बहुतेक अभ्यासक जर्मन ‘गेबेन’शी जोडतात आणि त्याचा अर्थ चक्क ‘देणे’! ‘देव’ या अर्थाचे लॅटिन ‘देउस’ व ग्रीक ‘थेऑस’ असेच फसवे आहेत. लॅटिन ‘द’ ग्रीकमध्ये ‘द’च राहतो (‘देकेम’, ‘देका’ : दहा). त्यामुळे ‘देउस’ संस्कृत ‘देव’चा सगोत्र ठरतो, ‘थेऑस’ ठरत नाही. उलट कानाला परका वाटणारा इंग्रजी ‘ट्यूजडे’मधला पूर्वभाग ‘देव’च्याच मुळाचा आहे.

इतके साम्य योगायोगाने कसे येईल, हा आक्षेप रास्त आहे. पण धातू आखूड, व्यंजने मोजकी आणि शब्द हजारो असताना काही जोड्या आपोआप जुळणारच. शिवाय मागे जावे तसे ‘हाबेरे’ व ‘हाबेन’ एकमेकांपासून दुरावतात. काही साम्ये निव्वळ उसनवारीची असतात, जसे लॅटिन ‘फेनेस्त्रा’वरून आलेले जर्मन ‘फेन्स्टर’ (खिडकी). दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : रास्मुस रास्क (1818) व याकोप ग्रिम (1822) यांनी मांडलेल्या ध्वनिनियमांना अपवाद होते, मग त्यांवर भिस्त का ठेवावी? लॅटिनमध्ये ‘पातेर’ आणि ‘फ्रातेर’ (पिता, भ्राता) दोहोंत ‘त’ आहे; गॉथिकमध्ये मात्र ‘फदर’मध्ये ‘द’ आणि ‘ब्रोथर’मध्ये ‘थ’. डॅनिश पंडित कार्ल व्हेर्नर याच्या 1877 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाने याचा उलगडा वैदिक स्वरांच्या आधारे केला : ‘पितृ’चा उदात्त स्वर अंत्याक्षरावर, ‘भ्रातृ’चा आद्याक्षरावर. म्हणजे अपवादही नियमानेच घडला होता, आणि त्याची खूण गॉथिकमध्ये नव्हे, तर वेदपाठात टिकून होती.