जनगणना थांबवणारा निकाल : पश्चिम जर्मनी, १९८३

१/९
सरकारी दप्तरात एकदा नोंदली गेलेली माहिती कोणाची? नागरिकाची, की दप्तराची? या प्रश्नाला आधुनिक काळातील एक मूलगामी उत्तर १९८३ साली पश्चिम जर्मनीत मिळाले. हा थ्रेड त्याविषयी.

२/९
पार्श्वभूमी १९३९ ची. त्या वर्षी मे महिन्यात नाझी राजवटीने जनगणनेसोबत एक पुरवणी पत्रकही भरून घेतले. आपल्या चार आजी-आजोबांपैकी कोण ज्यू वंशाचे होते, हे त्यात प्रत्येकाला लिहावे लागले. मोजणीच्या निमित्ताने माणसांची वर्गवारी झाली. ही आठवण पुढे पुसली गेली नाही.

३/९
युद्धानंतर शासकीय कचेऱ्यांत संगणक आले. १९७० मध्ये हेस्सन या राज्याने जगातील पहिला डेटा संरक्षण कायदा केला. त्याचा रोख सरकारी कार्यालयांतील नोंदींवरच होता आणि देखरेखीसाठी स्वतंत्र आयुक्तही नेमला गेला. १९७७ मध्ये संघराज्याचा कायदा आला.

४/९
तरीही संगणकाची शक्ती कायद्याच्या पुढे धावत होती. १९७९ मध्ये दहशतवाद्यांचा माग काढताना पोलिसांनी फ्रांकफुर्टमध्ये वीजबिल रोखीने भरणाऱ्या ग्राहकांची यादी इतर याद्यांशी ताडून पाहिली. वीजबिलासाठी दिलेले नाव पोलीस तपासाचे साधन झाले.

५/९
अशा वातावरणात २७ एप्रिल १९८३ ही जनगणनेची तारीख ठरली. तिचा कायदा संसदेत एकमताने संमत झाला होता. त्यातील एका कलमानुसार जनगणनेतील उत्तरे स्थानिक रहिवासी नोंदवहीशी ताडून ती नोंदवही दुरुस्त करता येणार होती. म्हणजे आकडेवारीसाठी दिलेले उत्तर प्रशासनाच्या हाती जाणार होते.

६/९
देशभर बहिष्काराची हाक उठली. न्यायालयात हजाराहून अधिक तक्रारी दाखल झाल्या. मोजणीला दोन आठवडे उरले असताना, १३ एप्रिलला, कार्ल्सरुहे येथील संघीय घटना न्यायालयाने तिला स्थगिती दिली.

७/९
१५ डिसेंबर १९८३ रोजी अंतिम निकाल लागला. न्यायालयाने जनगणना अवैध ठरवली नाही. नोंदी ताडण्याची तरतूद मात्र रद्द केली. मानवी प्रतिष्ठा आणि व्यक्तिमत्त्वविकास या मूलभूत हक्कांतून न्यायालयाने ‘माहितीविषयक स्वयंनिर्णयाचा’ अधिकार सिद्ध केला. संगणकाच्या युगात कोणतीही माहिती क्षुल्लक नसते, कारण तिचे मोल ती कशाशी जोडली जाते यावर ठरते, हे त्यामागचे सूत्र होते. ज्या हेतूने माहिती घेतली, त्याच हेतूशी ती बांधलेली राहिली पाहिजे.

८/९
सुधारित कायद्यानुसार जनगणना अखेर मे १९८७ मध्ये झाली. १९९० मध्ये संघराज्याचा डेटा संरक्षण कायदाही नव्याने लिहिला गेला.

९/९
भारतात १९४८ च्या जनगणना कायद्यानेच वैयक्तिक उत्तरे गोपनीय ठेवली आहेत. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने मान्य केले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मात्र देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचित करील त्या शासकीय यंत्रणांना सूट देण्याची तरतूद आहे. ही सूट किती रुंद असावी, यावर वाद आहे. त्या वादात उतरताना १९८३ चा निकाल जवळ असावा. सरकारने माहिती घेऊच नये, असे तो म्हणत नाही. ती कशासाठी घेतली, हे सरकारने विसरू नये, एवढीच त्याची अट आहे.