ओझ्याचा जमाखर्च

राजगडाची सहल ठरली आणि ओझ्याचा जमाखर्च माझ्याकडे आला. बँकेतल्या कारकुनाला दुसरं काय देणार? मी पहिली काट मारली ती स्टोव्हवर. स्टोव्ह, रॉकेल, काकडा, पिना... एवढं लोढणं कशाला?

मग एव्हरेस्टचा इतिहास वाचला. मे 1952 मध्ये तेनसिंग आणि स्विस गिर्यारोहक लँबर्ट यांनी सुमारे 8400 मीटरवर रात्र काढली. तंबू होता, स्टोव्ह नव्हता. चहूकडे बर्फ, पण घशाला कोरड! बिचारे मेणबत्तीवर बर्फ वितळवत बसले. दुसऱ्या दिवशी प्राणवायूची यंत्रंही दगा देऊ लागली. शिखर अडीचशे मीटरवर ठेवून परतले.

पुढच्या वर्षी तेनसिंग हिलरींबरोबर गेले, तेव्हा शेवटच्या तंबूत प्रायमस फुरफुरत होता. स्टॉकहोमच्या लिंडक्विस्टनं 1892 साली काढलेला, रॉकेलची वाफ करून जाळणारा. आमच्या आईचा स्टोव्ह त्याच कुळातला! दोघं भरपूर लिंबूपाणी प्याले, हिलरींनी गोठलेले बूटही त्यावर शेकले. 29 मे 1953 रोजी शिखर जमा!

मी मुकाट्यानं स्टोव्ह यादीत घेतला. गडावर तो पेटेना. पिना मीच वगळल्या होत्या, वजन वाचवायला! कोरडे पोहे चावताना मंडळी जे बोलली, त्याची नोंद मी वहीत केलेली नाही.