नक्कल कोणाकडे आहे?

1969 च्या एप्रिलमधली गोष्ट. स्टीव्ह क्रॉकर नावाचा लॉस एंजेलिसमधला एक विद्यार्थी तेव्हा मित्रांकडे मुक्कामाला होता. रात्री त्यांची झोपमोड नको म्हणून तो बाथरूममध्ये बसून एक टिपण लिहीत होता. लॉस एंजेलिस, सांता बार्बरा, स्टॅनफर्ड आणि युटा इथले संगणक एकमेकांना जोडायचे होते. ते एकमेकांशी बोलणार कोणत्या रीतीने, हे ठरवण्याचं काम या चार ठिकाणच्या मूठभर, बहुतांशी विद्यार्थीच असलेल्या, पोरांकडे आलं होतं.

गंमत अशी, की दूर बसून एकत्र काम करायला जे जाळं हवं होतं, तेच त्यांना अजून बांधायचं होतं. मग साधन कोणतं? टाइप केलेला कागद आणि पोस्ट. आपण कोण हुकूम सोडणारे, अशा संकोचाने क्रॉकरने त्या टिपणांना नाव दिलं ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘मतं कळवा’. 7 एप्रिल 1969 चं पहिलं टिपण आजही तुमच्या मोबाइलवर उघडतं. मालिका नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. साधा मजकूर, अनेकांकडे प्रती, उघडायला कोणाची परवानगी लागत नाही. बास.

हे सगळं मी वाचायला घेतलं त्याला कारण आहे. आम्ही पाच जण जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतो. दोघं पुण्यात, एक नांदेडला, एक गोव्यात, एक जर्मनीत. काम कोणत्या ॲपवर करायचं यावर आमच्यात महिनाभर खल चालला होता. प्रत्येकाचा प्रश्न एकच: सोयीचं कोणतं? इतिहास वाचल्यावर मला वाटायला लागलं, की हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे.

लिनक्सचंच बघा. लिनस टोरवाल्ड्स आणि जगभर विखुरलेले त्याचे साथीदार आधी ईमेलवर कोडमधले बदल पाठवायचे. 2002 मध्ये त्यांनी बिटकीपर हे साधन घेतलं. ते खासगी कंपनीचं होतं, पण अटींवर फुकट मिळत होतं. काहींनी तेव्हाच नाकं मुरडली, पण साधन खरोखर चांगलं होतं. पुढे अँड्र्यू ट्रिजेल या प्रोग्रॅमरने त्यातली माहिती बाहेरून वाचता येईल का, हे तपासायला घेतलं. वाद झाला, आणि 2005 मध्ये कंपनीने फुकट वापर बंद केला. प्रती सगळ्यांकडे होत्या, पण किल्ली कंपनीकडे होती.

टोरवाल्ड्सने 3 एप्रिलला नवं साधन लिहायला घेतलं. 7 एप्रिलला ते स्वतःचाच कोड सांभाळायला लागलं होतं. तेच गिट. जूनमध्ये लिनक्सची 2.6.12 ही आवृत्ती त्याच्यावरच तयार झाली. गिटमध्ये प्रत्येकाकडे कामाचा अख्खा इतिहास असतो, आणि किल्लीही.

आता स्लॅक. टायनी स्पेक ही कंपनी ‘ग्लिच’ नावाचा ऑनलाइन गेम बनवत होती, आणि तिची माणसं वेगवेगळ्या शहरांत होती. ती गप्पांसाठी 1988 मध्ये आलेलं आयआरसी वापरायची. त्यात तुम्ही नसताना झालेलं बोलणं तुम्हाला दिसत नाही. म्हणून त्यांनी ते साठवायची आणि शोधायची सोय स्वतःच केली. 2012 च्या अखेरीस गेम बंद पडला, सोय उरली, आणि 2014 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. स्लॅक या नावाचा विस्तारच मुळी ‘सगळ्या बोलण्याची आणि ज्ञानाची शोधता येणारी नोंद’ असा आहे. पण सप्टेंबर 2022 पासून फुकट वापरणाऱ्यांना शेवटच्या 90 दिवसांचंच बोलणं दिसू लागलं. यात लबाडी काही नाही. सर्व्हरला पैसे लागतात, आणि भाडं न देणाऱ्याचं सामान माळ्यावर किती दिवस राहणार?

म्हणून छोट्या गटाने साधन निवडताना आधी दोन प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. हे उद्या बंद पडलं तर आपल्याकडे नक्कल असेल का? आणि ती या साधनाशिवाय उघडेल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर मग बटणं कुठे आहेत, रंग कसे आहेत, यावर खुशाल भांडा.

आमचं ठरलंय ते असं. गप्पा, फोटो, चहाच्या वेळा हे सगळं व्हॉट्सॲपवर. वाहून गेलं तरी चालेल. घेतलेले निर्णय आणि ओव्यांचे शब्द साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, पाचही जणांकडे. आवाजाच्या मूळ फाइली दोन हार्डडिस्कवर, एक पुण्यात आणि एक नांदेडला. दर तीन महिन्यांनी दोन्ही उघडून, ऐकून बघायच्या.

ॲप दुसरं मिळतं. ऐंशी वर्षांच्या आजीने एकदाच, दम लागत असताना म्हटलेली ओवी दुसरी मिळत नाही.