दिनविशेष : १० जानेवारी – मधुमेह, मेंदू आणि मातेचा आहार
‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय नियतकालिकाच्या २००४ सालच्या आजच्या तारखेच्या अंकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ असताना युडकिनांच्या देहात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के भरला, आणि अंगाने किरकोळ दिसणारा भारतीय मनुष्य मधुमेहाला लवकर का बळी पडतो, याचा इतका बोलका दाखला जाडजूड अहवालांतही क्वचितच सापडेल.

या विचाराचे मूळ १९९३ साली पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत आरंभिलेल्या माता-पोषण अभ्यासात होते. तेथील अर्भके सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, चरबी मात्र त्या मानाने राखलेली! बहुसंख्य गर्भवतींत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली, आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे, ज्या मातांत ते अत्यल्प होते त्यांची मुले नवव्या वर्षी अवधानाच्या व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे पडली. सबब दोहोंचा धागा मातेच्या आहाराशी जुळत असल्याने मेंदू आणि मधुमेह ही दोन निराळी दप्तरे नव्हेत, असे मानण्यास आधार मिळाला.

पुणे जिल्ह्याची हद्द ओलांडताच लागणाऱ्या आपल्या पारनेर-श्रीगोंद्याकडेही ब-१२ पुरवणारे पहाटेचे दूध संकलन केंद्रावर जाते आणि कित्येक घरांत गर्भारणीच्या वाट्याला कोरा चहा उरतो. तिचे पेलाभर दूध तेवढे घरी ठेवावे, आणि ब-१२च्या तपासणीविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे.