दारापासून रस्त्यापर्यंत : खडी, बर्फ आणि ट्रॅक्टर यांचा थोडा इतिहास

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लेख मागावयास संपादक मंडळातील स्नेही आमच्या घरी आले, तेव्हा गढा-मंडला, भोसल्यांची राजवट किंवा जबलपुरातील मराठी वस्ती यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा होती. ते विषय थोर आहेत, आणि त्यांवर आमच्याहून अधिकारी व्यक्ती लिहितीलच. आम्ही या वेळी एका लहानशा वाटेविषयी लिहिणार आहोत. ही वाट महाराजपुरात नाही. अमेरिकेतील व्हर्माँट राज्यात आमच्या भाच्याच्या दारापासून ती सार्वजनिक रस्त्यापर्यंत जाते. लांबी सुमारे १०० मीटर, रुंदी ३ मीटर. वर डांबर नाही, नुसती खडी. हिवाळ्याचे चार-पाच महिने तिच्यावर वरचेवर बर्फ पडतो, आणि भाचा तो एका छोट्या ट्रॅक्टरने बाजूस सारतो.

एवढ्याशा गोष्टीत इतिहास तो काय, असे वाचकांस वाटेल. आम्हांसही तसेच वाटत होते. परंतु आमच्या ताई आपल्या मुलाकडे राहावयास गेल्या आणि एका जानेवारीत, रात्री अकराच्या सुमारास, त्यांच्या छातीत दुखू लागले. ताईंचे वय तेव्हा शहात्तर. बाहेर दुपारपासून हिमवर्षाव चालू होता व वाटेवर फूटभर थर साचला होता. सार्वजनिक रस्ता गावाच्या यंत्राने मोकळा केलेला असल्यामुळे रुग्णवाहिका तेथवर येणार, हे निश्चित होते. प्रश्न उरला तो शेवटच्या शंभर मीटरांचा. सूनबाई ताईंपाशी बसली. भाच्याने ट्रॅक्टर सुरू केला. इतक्या रात्री दिवे हलताना दिसले म्हणून शेजारचे एक वृद्ध शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन रस्त्याच्या टोकाकडून आत येऊ लागले. दोघांची गाठ वाटेच्या मध्यावर पडली, आणि रुग्णवाहिका आली तेव्हा वाट मोकळी होती. ताई त्या दुखण्यातून बऱ्या झाल्या. पुढे दूरध्वनीवर त्या आम्हांस म्हणाल्या, "अरे, त्या रात्री मला आपली महाराजपुरची गल्ली आठवली. पावसाळा संपला की केणी घेऊन यायचे, ते काका आठवतात का तुला?"

ताईंच्या त्या एका प्रश्नातून या लेखाचा जन्म झाला.

प्रथम त्या रात्रीचे काम किती होते, ते पाहू. १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर जाड असा थर म्हणजे ९० घनमीटर बर्फ झाला. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरास साधारण १०० किलो भरतो, असे धरले तरी एकूण वजन ९ टनांवर जाते; ओला वा दबलेला बर्फ याच्या कितीतरी पट जड असतो. कापसासारख्या दिसणाऱ्या या पदार्थाचे नऊ टन एका माणसाने फावड्याने उचलावयाचे म्हटले, तर रात्र पुरावयाची नाही.

आता वाटेकडे वळू. खडीचा रस्ता ही आपल्यालाही परकी वस्तू नव्हे. लहान आकाराची फोडलेली खडी, मधोमध किंचित उंचवटा आणि दोहों बाजूंस पाण्याचा निचरा, ही पद्धत स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅक्अॅडम याने रूढ केली. १८१६ साली तो ब्रिस्टल भागातील रस्त्यांचा पर्यवेक्षक झाला. सहा औंसांहून जड दगड रस्त्यावर नको, असा त्याचा दंडक होता. कारण लहान टोकेरी दगड गाड्यांच्या दाबाने एकमेकांत रुतून बसतात, तर मोठे दगड चाकाखाली निसटतात. योगायोग असा की, त्याच सुमारास, १८१७ च्या डिसेंबरात, जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. मिर्झापूर-जबलपूर-नागपूर हा मोठा दख्खन रस्ता एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकारास आला. विदर्भाचा कापूस याच मार्गाने मिर्झापूरच्या बाजारास जाई. १८७० साली जबलपुरास दोन रेल्वे एकमेकींस मिळाल्या आणि या रस्त्याचे महत्त्व उतरले. तथापि महाराजपुराजवळून पनागर-सिहोऱ्याकडे जाताना आपण आजही त्या जुन्या मार्गाच्याच अंगाने जात असतो.

खडीच्या रस्त्याचा शत्रू पाणी. आपल्याकडे ते पावसाच्या रूपाने येते आणि मुरूम वाहून नेते. शीत प्रदेशात ते खडीच्या फटींत शिरून गोठते, फुगते, दगड उचलते, आणि वसंतात वितळून सगळ्याचा राडा करते. व्हर्माँटमधील निम्म्याहून अधिक रस्ते आजही डांबराविना आहेत, आणि तेथील लोक हिवाळा व वसंत यांच्यामध्ये 'चिखलाचा ऋतू' म्हणून एक पाचवा ऋतू मानतात. आषाढातली आपली जुनी गल्ली ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या ऋतूचे वर्णन करून सांगावयास नको.

आश्चर्याची गोष्ट ही की, मोटारी येण्यापूर्वी त्या मुलखातील लोक रस्त्यावरचा बर्फ काढीतच नसत. ते तो दाबून बसवीत. घोडे जुंपलेला प्रचंड लाकडी रूळ रस्त्यावरून फिरवावयाचा, म्हणजे घट्ट पृष्ठभाग तयार होई आणि घसरगाड्या त्यावरून सुखाने धावत. छप्पर असलेल्या पुलांवर बर्फ पडत नसे, म्हणून तेथे तो मुद्दाम आणून पसरावा लागे! हे काम सरकारी नोकर करीत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत न्यू इंग्लंडमधील अनेक गावांत शेतकरी आपला रस्त्याचा कर रोख न भरता स्वतःचे बैल, घोडे आणि अवजारे घेऊन कामाच्या रूपाने फेडीत. आपल्याकडील वेठीची येथे आठवण होते. भेद इतकाच की, तेथे हिशेब गावसभेत होई, आणि आपण राबतो तो रस्ता आपल्याच दारावरून जातो, हे प्रत्येकास दिसत असे.

मोटार आली आणि हा व्यवहार पालटला. रबरी चाकांस घट्ट बर्फ मानवत नाही; ती घसरतात. मग दाबण्याऐवजी दूर सारणे भाग पडले. घोड्यांचे लाकडी नांगर गेले, ट्रकला लोखंडी पाती लागली. कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या आर्थर सिकार या गृहस्थाने मळणीयंत्राच्या धर्तीवर बर्फ ओढून दूर फेकणारे यंत्र सिद्ध केले, आणि १९२७ साली माँट्रियालनजीकच्या उट्रमाँ या गावाने ते विकत घेतले. धान्य आणि भूस वेगळे करणारे यंत्र पाहून त्याला बर्फावरचा उपाय सुचला, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. या इतिहासात वारंवार असेच घडले आहे. बर्फावर चालणारे हत्यार शेतकऱ्याच्या खळ्यातून वा गोठ्यातून बाहेर पडले आहे.

ट्रॅक्टरचेही तेच. हॅरी फर्ग्युसन याने ट्रॅक्टरच्या मागे अवजार तीन बिंदूंनी जोडून ते तेलाच्या दाबावर उचलण्याची योजना पूर्णत्वास नेली, आणि १९३९ साली फोर्डच्या कारखान्यातून तसा ट्रॅक्टर बाहेर पडला. त्यामुळे बसल्या जागेवरून एका दांडीने फाळ वरखाली करणे साधले, आणि जो फाळ वरखाली होतो त्याच्या जागी पाते लावले की बर्फही सारता येतो. पुढे जपानी भातखाचरांसाठी लहान ट्रॅक्टर घडू लागले. १९६९ साली कुबोटाने असा एक ट्रॅक्टर अमेरिकेत विक्रीस आणला. लहान शेताचे हे यंत्र तेथे मोठ्या अंगणाचे यंत्र बनले. आपल्या मुंबईचाही यात वाटा आहे. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याने ट्रॅक्टरची कंपनी निघाली, कांदिवलीस ट्रॅक्टर तयार होऊ लागले, आणि १९९४ साली महिंद्राने टेक्सासात आपली शाखा उभारली. भाच्याच्या तांबड्या ट्रॅक्टरवर ते ओळखीचे नाव वाचून ताईंना पहिल्याच दिवशी माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले होते.

परंतु यंत्र हाती आले म्हणून विद्या येत नाही. पहिल्या हिवाळ्यात भाच्याने पाते जमिनीला टेकवून वाट स्वच्छ खरवडली, आणि बर्फाबरोबर बरीचशी खडी हिरवळीत नेऊन टाकली. वसंतात ती दाताळ्याने ओढून परत आणताना त्याची कंबर मोडली. तेव्हा शेजारच्या त्याच वृद्ध शेतकऱ्यांनी त्याला रीत शिकवली. पहिला बर्फ पूर्ण काढू नये. इंच-दीड इंच थर दबून गोठू द्यावा, म्हणजे तो खडीला धरून ठेवतो. त्यानंतर पाते जमिनीपासून तेवढेच वर ठेवावे. काहीजण लोखंडी नळी लांबीत चिरून पात्याच्या धारेवर चढवतात. तिची गोल पाठ खडीत रुतत नाही, वरून सरकते. मागचे पाते उलटे फिरवून ओढले तरी हाच गुण येतो. चाकांना साखळ्या आणि मागे वजन हवे, नाहीतर ट्रॅक्टर स्वतःच घसरतो. जमीन गोठण्यापूर्वी, नोव्हेंबरातच, वाटेच्या दोहों कडांस काठ्या रोवाव्यात. पहिल्या दिवसापासून बर्फ जितका दूर सारता येईल तितका सारावा. कारण कडेचे ढीग गोठून घट्ट होतात आणि फेब्रुवारीपर्यंत वाट अरुंद होत जाते. आणि आपला बर्फ सार्वजनिक रस्त्यावर कधीही ढकलू नये. त्यास कायद्याची मनाई आहे, आणि शेजारधर्माचीही.

ही रीत ऐकताना आम्हांस वखर आठवला. वखराची पास जमिनीखालून सरकून तण कापते. या वाटेवर पात्याने जमिनीला स्पर्शही करावयाचा नाही. काम उलट, परंतु हाताला लागणारा अंदाज तोच. जबलपूरकडील हिंदी शेतकरी ज्याला 'बखर' म्हणतो, तो आपला वखरच होय. व्हर्माँटच्या त्या वृद्ध शेतकऱ्यास हा शब्द सांगितला असता, तर त्याने तो खचित उचलला असता.

मोठ्या रस्त्यांची गोष्ट निराळी. तेथे राज्यसत्ता उभी असते. १ नोव्हेंबर १९४८ रोजी आपल्या सैन्याने सुमारे ११,५०० फुटांवरील झोजी खिंडीत रणगाडे नेले, ते सॅपर्स पथकांनी आधी वाट रुंद केली म्हणून. १९६० साली सीमा सडक संघटना स्थापन झाली. जी खिंड पूर्वी हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद राही, ती २०२५ साली अवघ्या ३२ दिवसांनी, १ एप्रिल रोजी, वाहतुकीस खुली झाली. जबलपुरातील कारखान्यांत तयार झालेले 'शक्तिमान' ट्रक अनेक दशके हिमालयातील रस्त्यांवर धावले. म्हणजे आपल्या शहरात बर्फ पडत नसला तरी बर्फाशी आपला संबंध नाही, असे नाही. या पराक्रमाविषयी आम्हांस अभिमान आहे. परंतु कोणतेही सरकार, मग ते येथील असो वा तेथील, प्रत्येकाच्या दारापर्यंत येऊ शकत नाही. राजरस्ता जेथे संपतो, तेथून दारापर्यंतची वाट ज्याची त्याने आणि त्याच्या शेजाऱ्याने मोकळी ठेवावयाची, हा नियम घसरगाड्यांच्या काळापासून आजवर बदललेला नाही.

महाराजपुरच्या आमच्या गल्लीतही हेच घडत असे. पावसाळा सरला की मुरूम एका बाजूस वाहून गेलेला, मध्ये चर पडलेले. मग दसऱ्याच्या आधी एखाद्या सकाळी ते काका बैलजोडीला केणी लावून येत. ते मराठी नव्हते, येथलेच शेतकरी. त्यांना कोणी बोलावीत नसे आणि ते पैसे घेत नसत. वाहून गेलेला मुरूम ओढून पुन्हा मध्यावर आणीत, कासवाच्या पाठीसारखा उंचवटा काढीत आणि पाण्याला कडेने वाट करून देत. मॅक्अॅडमचे नाव त्यांनी ऐकलेले नव्हते. आमची आई त्यांना पितळी पेल्यातून चहा देई. एका वर्षी भर श्रावणात वडिलांना रात्री इस्पितळात न्यावे लागले, तेव्हा रिक्षा चिखलात रुतू नये म्हणून कंदील घेऊन पुढे चालणारे आणि चाकाखाली फळ्या टाकणारे तेच होते. ताईंनी त्या जानेवारीच्या रात्री अंथरुणावरून खिडकीबाहेरचे दोन दिवे एकमेकांकडे येताना पाहिले, आणि त्यांना तो कंदील आठवला.

दूरदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांविषयी आपण येथे बसून चिंता करतो. त्यांना घर कसे मिळाले, पगार काय, हे आपण विचारतो. शेजारी कोण आहे, हे विचारावयाचे राहून जाते. आमची विनंती इतकीच की, यापुढे ते अवश्य विचारावे. आणि आपल्याही दारापलीकडे कोणाची वाट अडली आहे, ते एकदा पाहावे. पन्नास वर्षांपूर्वी मूठभर मराठी कुटुंबांनी हे मंडळ काढले, तेव्हा आम्ही शाळेतही जात नव्हतो. त्यानंतर प्रत्येक वर्षी कोणीतरी आधी येऊन सतरंज्या अंथरल्या आणि शेवटी थांबून त्या घड्या घातल्या. त्यांची नावे कार्यवृत्तात क्वचितच आढळतील.

आता आमची गल्ली सिमेंटची झाली आहे. केणी कोठे गेली, ते कोणास ठाऊक नाही. काकांना जाऊनही बरीच वर्षे लोटली. त्यांच्या नातवाकडे मात्र ट्रॅक्टर आहे, आणि मोठ्या पावसानंतर गल्लीच्या तोंडाशी साचलेला गाळ तो मागच्या पात्याने आपणहून ओढून नेतो. तिकडे भाच्याने यंदाही काठ्या वेळेवर रोवल्या. या वर्षी, त्याने कळविले आहे, त्याने शेजारच्या वृद्धांच्या वाटेच्या कडेनेही त्या रोवल्या. त्यांच्याने आता हे होत नाही.